विलायतेतले गोठे आणि आपला हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या पत्रकात आमच्या नावापुढे 'शेतीमालाचा भाव' असा विषय छापला आहे. आम्ही बोलणार आहोत गोठ्यांविषयी आणि कोठारांविषयी. तेही आपल्याकडच्या नव्हे, दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या. काहींना वाटेल, साहेबांची गाडी रूळ सोडून चालली. थोडा धीर धरा. गाडी शेवटी भावाच्याच ठेसनात येणार आहे.

हा विषय आमच्या डोक्यात का बसला ते आधी सांगतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली. कॉलेजच्या पुस्तकात आदर्श शेतवाडीचा एक नकाशा होता. तीन बाजूंनी इमारती, मधे आवार, दक्षिणेची बाजू मोकळी. आम्ही तो परीक्षेत काढला, गुण मिळवले. पुढे नोकरीत गावोगाव फिरून पक्क्या गोठ्याचा प्रचार केला. एका गावी एका शेतकऱ्याने, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, आमच्या शब्दावर कर्ज काढले आणि दहा गाईंचा गोठा बांधला. सिमेंटची गव्हाण, मुताची नाली, वर पत्रे, सगळे नकाशाबरहुकूम. दोन वर्षांत दुधाचा दर खाली आला आणि पेंडीचा वर गेला. गाई विकल्या. गोठा राहिला, हप्ता राहिला. पाऊण एकर विकून दादांनी तो फेडला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, गोठा मजबूत आहे. पडत नाही."

त्या दिवसापासून आम्ही तो पुस्तकातला नकाशा शोधत निघालो. तो कुणी काढला, कुणाच्या पैशाने बांधला आणि बांधणाऱ्याचे पुढे काय झाले, हे पुस्तकात नव्हते. तेच आज सांगायचे आहे.

छपराखालचे खळे

विलायतेत राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. तिच्या आधीही शेतवाड्या होत्याच. त्या वास्तुशास्त्रज्ञांनी आखल्या नव्हत्या. गावचा सुतार आणि गावचा गवंडी यांनी, जवळ जे मिळेल त्यातून बांधल्या होत्या. जिथे दगड तिथे दगडाच्या, जिथे ओकचे लाकूड तिथे लाकडाच्या, आणि डेव्हनसारख्या भागात आपल्या पांढरीच्या भिंतींसारख्या माती-पेंढ्याच्या.

शेतवाडीत सगळ्यांत मोठी इमारत कोठाराची. कोठार म्हणजे नुसती साठवण नव्हे, ते छपराखालचे खळे होते. आपले खळे उघड्यावर असते, कारण सुगीनंतर चार महिने आकाश कोरडे असते. तिकडे पावसाचा भरवसा नाही. म्हणून पेंढ्यांसकट गहू कोठारात रचायचा आणि हिवाळाभर मजुरांनी दांडक्याने झोडपून मळायचा. कोठाराला समोरासमोर दोन मोठे दरवाजे. एकातून भरलेली गाडी आत येई. दोन्ही उघडले की मधून वारा वाही आणि त्या वाऱ्यावर धान्य उफणत. आपण वारा पडला की वावडीवर खोळंबून उभे राहतो, त्यांनी वाऱ्याला भिंतीत वाट करून दिली होती.

धान्याची खोली बहुधा वरच्या मजल्यावर असे, खाली गाड्यांची छपरी. धान्याला ओल लागत नाही आणि गाड्यांना सावली मिळते. कुठे ही खोली अळंब्याच्या आकाराच्या दगडांवर उभी करीत. उंदीर दगडावर चढतो, पण वरची छत्री त्याला ओलांडता येत नाही. दुधाची खोली उत्तरेकडे तोंड करून, उकिरड्यापासून लांब. तिथे उन्हाचा कवडसा येत नसे, खाली फरशी गार असे. लोणी आणि चीज करण्याचे काम बहुतेक ठिकाणी बायकांचे. पहाटेपासून थंड फरशीवर उभे राहून त्या जे करीत, त्याचा हिशेब घरधन्याच्या वहीत फार क्वचित निघे. मायबहिणींनो, हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको.

आणि दक्षिणेची मोकळी बाजू? तिकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि बोचरा वारा उत्तरेकडून, पूर्वेकडून येतो. म्हणून उंच कोठार उत्तरेला आणि जनावरांचे आवार त्याच्या आडोशाला, उन्हात. तिथे जनावराला ऊन हवे असते, आपल्याकडे सावली हवी असते. आम्ही परीक्षेत जो नकाशा काढला, त्यात सूर्यसुद्धा विलायतेचा होता. हे गुण देणाऱ्यांना सुचले नाही आणि घेणाऱ्यांनाही.

भाव पडणार, म्हणून खत वाढवा

आता खरी गोष्ट. विलायतेत परदेशी धान्यावर जकात होती. १८१५ च्या कायद्याने ती पक्की केली. जमीनदारांना ती हवी होती, कारण धान्याचा भाव चढा राहिला तर खंड चढा राहतो. मँचेस्टरच्या कारखानदारांना ती नको होती, कारण पाव महाग तर मजुरी महाग. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी चळवळ केली आणि १८४६ साली पंतप्रधान रॉबर्ट पील याने तो कायदा रद्द केला.

शेतकऱ्याने आता काय करावे? जेम्स केअर्ड नावाच्या स्कॉटिश शेतीतज्ज्ञाने १८४९ साली एक पुस्तिका लिहून उत्तर दिले. संरक्षण गेले, रडू नका. जास्त भांडवल घाला, जास्त पिकवा. त्याने जमीनदारांना बजावले की कुळाला मोकळीक देणारे करार करा. या पद्धतीला तिकडे 'उच्च शेती' म्हणत. जमिनीत निचऱ्याच्या नळ्या घाला, पेरूहून ग्वानो आणा, जॉन लॉज याने १८४२ साली पेटंट घेतलेले सुपर फॉस्फेट टाका, विकतची पेंड जनावरांना चारा, त्यांचे खत शेतात घाला आणि गहू वाढवा.

म्हणजे जनावर हा आता खताचा कारखाना झाला आणि कारखान्याला इमारत लागते. व्हिक्टोरियाच्या काळातल्या शेतवाडीचे सगळे वास्तुशास्त्र या एका वाक्यात आहे. कच्चा माल एका टोकाला आत, पक्का माल दुसऱ्या टोकाला बाहेर, आणि मधे माणसाने कमीत कमी पावले चालावीत. कोठाराला लागून चारा कापण्याची खोली, तिच्यापुढे वैरणीची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना बांधलेली जनावरे, त्यापलीकडे खताचे आवार. कुठे इंग्रजी ई अक्षरासारखी मांडणी, कुठे यू सारखी. वाफेचे इंजिन आले तसे दांडक्याचे काम गेले. नॉर्थम्बरलंड आणि स्कॉटलंडच्या लोदियन भागात शेतवाड्यांवर गिरणीसारखी धुराडी उभी राहिली. १८५० साली विटांवरचा कर उठला. रेल्वेने वेल्सची पाटी, म्हणजे स्लेट, देशभर पोचवली. आजवर जी शेतवाडी आपल्या मातीच्या रंगाची असे, ती सगळीकडे लाल विटांची आणि निळ्या-करड्या छपराची दिसू लागली.

खताविषयी एक गोष्ट आमच्या धंद्यातली, म्हणून सांगतो. ऑगस्टस व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ १८५० च्या दशकात शेणखतावर प्रयोग करीत होता. त्याने दाखवले की खताचा मोठा नाश हवेत उडून नव्हे, पावसाने धुऊन होतो. आवारात पसरलेला उघडा उकिरडा सर्वांत वाईट, त्यापेक्षा खत सरळ शेतात नेऊन पसरलेले बरे. छपराने झाकलेले आवार बांधण्याची टूम निघाली तिच्यामागे हा हिशेब होता. हे शास्त्र खरे होते, आजही खरे आहे. छपराखालचे खत उघड्या खताहून चांगले, यात वाद नाही. वाद आहे तो छपराचा खर्च कोण देणार आणि तो कशातून निघणार, याचा.

पैसा कुणाचा?

विलायतेतला शेतकरी बहुतेक कूळ होता. सरकारने १८७३ साली जमीनमालकांची मोजणी करवली, तेव्हा दिसले की ब्रिटन आणि आयर्लंडमधली सुमारे पाचपैकी चार भाग जमीन फक्त सात हजारांच्या आसपास लोकांकडे आहे. इमारत बांधायची जमीनदाराने, पेंड, खत आणि जनावरे आणायची कुळाने, अशी रीत.

जमीनदाराला पैसा कुठून मिळाला? १८४६ साली, धान्याची जकात उठली त्याच वर्षी, सरकारने निचऱ्यासाठी कर्ज देण्याचा कायदा केला. शंभर पौंडांना वर्षाला साडेसहा पौंड असे २२ वर्षे भरायचे, की मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटले. पुढे खाजगी जमीनसुधार कंपन्या निघाल्या आणि शेतवाड्यांच्या इमारतींनाही कर्ज मिळू लागले. अशाच एका कंपनीचा इंजिनियर जॉन बेली डेंटन याने १८६३ साली इंग्लंडमधल्या निवडक शेतवाड्यांच्या नकाशांचा मोठा ग्रंथ काढला. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने त्याआधीच, १८५० साली, शेतीच्या इमारतींवरचे बक्षिसपात्र निबंध छापले होते. या ग्रंथांतून आणि निबंधांतून असे नकाशे शेतकीच्या शिक्षणात रुळले. एक लक्षात घ्या. कर्ज देणारी कंपनी आणि नकाशा काढणारा इंजिनियर हे एकाच घरचे होते. आजही बघा, गोठ्याचा नकाशा आणि कर्जाचा अर्ज बहुधा एकाच टेबलावर मिळतात.

या काळातल्या तीन शेतवाड्या सांगतो.

पहिली राणीची. विंडसरला फ्रॉगमोर येथे १८५८ साली दुधाची शाही खोली बांधायला घेतली. राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याला शेतीची हौस होती. आतून मिंटन कारखान्याच्या रंगीत फरशा, संगमरवर, कारंजी, आणि गारवा राहावा म्हणून पोकळ भिंती. इमारत देखणी आहे. पण तिथल्या लोण्याला भाव काय मिळाला, ही चिंता तिथे कुणाला नव्हती.

दुसरी वेल्समधल्या वेल्शपूलजवळ, लेटन येथे. लिव्हरपूलच्या पेढीवाल्या घराण्यातला जॉन नेलर याने १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून ती बांधली. त्या पेढीचा एक संस्थापक टॉमस लेलँड याने गुलामांच्या व्यापारात पैसा केला होता, हेही सांगून ठेवतो. तिथे डुकरांसाठी आणि मेंढ्यांसाठी गोल इमारती आहेत. पाण्याच्या जोरावर यंत्रे चालत. पातळ खत नळातून शेतात जाई. खत डोंगरावरच्या टाकीपर्यंत चढवण्यासाठी दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे होती. थोडक्यात, शेतीत जे यंत्र बसवता येईल ते सगळे तिथे बसवले होते. भांडवल पेढीचे. १९३१ साली ती इस्टेट विकली गेली.

तिसऱ्या माणसाविषयी आम्हाला खरी आपुलकी आहे. जॉन जोसेफ मेकी. लंडनचा व्यापारी. वस्तऱ्याला धार लावायचा चामडी पट्टा विकून त्याने पैसा केला आणि १८४१ साली एसेक्समध्ये टिपट्री येथे १३० एकर हलकी, दलदलीची जमीन घेतली. निचरा केला, इंजिन बसवले, पातळ खताचे नळ टाकले, जनावरे फटींच्या लाकडी फरशीवर ठेवली म्हणजे शेण खाली पडेल आणि पेंढा वाचेल. अशी फटींची फरशी आज जगभरच्या मोठ्या गोठ्यांत दिसते. लोकांनी त्याची टिंगल केली. त्याने काय करावे? आपल्या शेतीचा जमाखर्च छापून जगापुढे ठेवला. मित्रांनो, आपला जमाखर्च चारचौघांत मांडायला छाती लागते. मेकीकडे ती होती.

माणसाला गोठा नाही

एवढ्या इमारती बांधल्या, त्यांत राबणारा मजूर कुठे राहत होता? शेतीत राबणाऱ्या मुलांची आणि बायकांची चौकशी करायला १८६७ साली रॉयल कमिशन नेमले गेले. मजुरांच्या खोपटांची जी वर्णने त्यात आली ती वाचवत नाहीत. आईबाप, मुले, वाढत्या वयाच्या मुली, सगळे एका निजायच्या खोलीत. काही जमीनदारांनी चांगली घरे बांधली, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी गाईच्या खोलीला किती घनफूट हवा लागते याचा हिशेब तयार होता, गाईची धार काढणाऱ्याच्या खोलीचा नव्हता.

हिवाळ्यातली दांडक्याची मळणी हे मजुराच्या पोटाचे साधन होते. मळणीयंत्र आले तेव्हा १८३० साली दक्षिण इंग्लंडच्या मजुरांनी ही यंत्रे फोडली. काहींना फाशी झाली, शेकडोंना काळ्या पाण्यावर ऑस्ट्रेलियाला धाडले. पुढे फेब्रुवारी १८७२ मध्ये वॉरिकशायरमधल्या वेल्सबर्न गावी, चेस्टनटच्या झाडाखाली, जोसेफ आर्च या कुंपण तोडणाऱ्या मजुराने सभा घेतली आणि त्याच वर्षी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ती कोठारात नव्हे, झाडाखाली जन्मली, कारण कोठाराची किल्ली दुसऱ्याकडे होती.

आम्ही शेतकऱ्यांच्या मेळाव्यात मजुरांचे का काढतो, असे कुणी विचारेल. याचसाठी की कुळाला जमीनदार पिळत होता आणि कूळ मजुराला पिळत होते. दोघांच्या वर बसलेला बाजार कुणी पाहिला नाही.

भाव आला, तो आगबोटीतून

१८७७ साली गव्हाला क्वार्टरमागे सरासरी ५६ शिलिंग ९ पेन्स मिळाले. क्वार्टर म्हणजे आपले अंदाजे सव्वादोन क्विंटल. १८७९ साली पावसाने पीक बुडवले. पीक बुडाले की भाव चढतो, हा शेतकऱ्याचा जुना आधार. त्या वर्षी तो आधारही तुटला. अमेरिकेच्या माळांवरून रेल्वेने आणि आगबोटीने गहू येऊन थडकला. पीक गेले आणि भावही गेला. १८९४ साली भाव होता २२ शिलिंग १० पेन्स. सतरा वर्षांत निम्म्याहून खाली. १८७० च्या दशकात ब्रिटनमध्ये ३५ लाख एकरांच्या आसपास गहू होता, १८९५ पर्यंत तो १५ लाखांच्याही खाली गेला.

आता त्या इमारतींकडे बघा. साठच्या दशकात घेतलेल्या कर्जाचे हप्ते नेमके या मंदीत येऊन पडले. गहूच नाही तर कोठारात काय रचणार? नांगरट घटली, मग खताचा कारखाना कुणासाठी चालवणार? गवत वाढवून मेंढी सोडून देणाऱ्याला झाकलेले आवार लागत नाही. एसेक्सच्या भारी चिकण जमिनीला कूळ मिळेना. इमारती उभ्या होत्या, भरभक्कम. दादांच्या गोठ्यासारख्या. पडत नव्हत्या.

मेकीचे काय झाले? १८६६ साली एक बँक बुडाली, त्यात तो भरडला गेला. धंदा आधीच बसला होता. क्रिमियाच्या युद्धानंतर दाढी राखण्याची टूम निघाली आणि वस्तऱ्याच्या पट्ट्याला गिऱ्हाईक उरले नाही, असे सांगतात. त्यात १८७९ सारखी ओली वर्षे. डिसेंबर १८८० मध्ये त्याचा कारभार दिवाळ्यात निघाला आणि त्याच महिन्यात तो वारला. उत्पादन कसे वाढवावे हे ज्याने इंग्लंडला शिकवले, तो माणूस असा गेला. त्याची फरशी चूक नव्हती, निचरा चूक नव्हता. वस्तऱ्याच्या पट्ट्याचा पैसा होता तोवर शेती शोभली. तो आटला तेव्हा शेतीला स्वतःच्या पायावर उभे राहता आले नाही.

तगले कोण? स्कॉटलंडच्या एअरशायर भागातून काही कुळे एसेक्समध्ये आली. ती पाडाच्या खंडाने जमिनी घेऊन दुधाकडे वळली. रेल्वेने लंडनला ताजे दूध जाऊ लागले. त्यांनी नवे वाडे बांधले नाहीत. गव्हासाठी उभ्या असलेल्या इमारतींतच गाई बांधल्या. घरची माणसे राबली, खर्च हात राखून केला. इमारत तीच, हिशेब वेगळा.

आणि कायदा? कुळाने जमिनीत घातलेल्या पैशाची भरपाई द्यावी असा कायदा १८७५ साली झाला, पण करारात लिहून तो टाळता येत होता आणि जमीनदारांनी तो टाळला. १८८३ साली तो सक्तीचा झाला. तरी इमारतीपुरती मेख राहिली. मालकाची आधी संमती घेतली नसेल तर कुळाने बांधलेल्या छपराची भरपाई नाही.

त्या गव्हाणीत आपली जवस होती

हे सगळे सातासमुद्रापार घडले, आपला काय संबंध? संबंध आहे.

विलायतेच्या गव्हाणीत जी पेंड पडे, ती बरीचशी जवसाची. हल बंदरातल्या घाण्यांवर रशियाचे जवस गाळले जाई आणि हिंदुस्थानचेही. आपल्या नागपूर-विदर्भाकडची जवस रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने जाई. तेल त्यांच्या रंगाला, पेंड त्यांच्या गाईला, खत त्यांच्या शेताला. आपल्या रानातला कस त्या सुरेख नकाशाच्या आवारात जाऊन पडत होता. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि १८७३ साली हिंदुस्थानातल्या गव्हावरची निर्यात जकात उठली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत होती, तेव्हाही या देशातून गव्हाच्या बोटी चालूच होत्या. त्याच गव्हाने पुढे विलायतेतल्या शेतकऱ्याचा भाव पाडायला हातभार लावला. इकडचा शेतकरी उपाशी, तिकडचा दिवाळखोर. मधल्याचे मात्र बरे चालले होते.

तो उच्च शेतीवाला जेम्स केअर्ड याच दुष्काळाच्या चौकशी आयोगावर सदस्य म्हणून इथे आला. काही भागांत सरकारने धान्याची कोठारे भरून ठेवावीत, असे त्याचे मत पडले. आयोगाच्या बहुमताने ते मानले नाही. आणि खताचा अभ्यास करणाऱ्या व्होल्करचा मुलगा, जॉन ऑगस्टस व्होल्कर, १८८९ साली हिंदुस्थानची शेती सुधारायला धाडला गेला. १८९३ साली त्याचा अहवाल छापून आला. त्याने प्रामाणिकपणे लिहिले की इथला रयत विलायतेतल्या सरासरी शेतकऱ्याच्या बरोबरीचा आहे, काही बाबतींत सरस आहे. तो शेण जाळतो ते अडाणीपणाने नव्हे, सरपण नाही म्हणून. बापाने शेण वाचवायला छप्पर सुचवले, मुलाने शेण वाचवायला सरपणाची राने सुचवली. शास्त्र तेच, उत्तर वेगळे, कारण जागा वेगळी. आम्हाला कॉलेजात हे एवढे शिकवले असते तरी पुरे होते.

आणखी एक योगायोग. १८८३ साली तिकडे कुळाच्या भरपाईचा कायदा सक्तीचा झाला. त्याच साली इकडे जमीनसुधारणा कर्जाचा, म्हणजे तगाईचा, कायदा झाला. आणि त्याच साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. तिकडे भरपाई, इकडे कर्ज. तगाई आपल्या हाडीमाशी अशी मुरली की आजही सरकारकडे तोंड करून आपण पहिला शब्द उच्चारतो तो कर्जाचा.

सही करण्याआधी

आज विलायतेत त्या शेतवाड्यांचे काय झाले आहे? कित्येक इमारती वारसा म्हणून नोंदल्या आहेत. डरहॅम परगण्यात बीमिश येथे एक शेतवाडी संग्रहालयात जपून ठेवली आहे, घोड्यांनी मळणीयंत्र फिरवायच्या गोल घरासकट. पुष्कळ कोठारांची राहती घरे झाली. गाडी आत यायचा तो मोठा दरवाजा आता काचेचा आहे. आतला माणूस शेतकरी नाही. शेताने इमारतीला दिले नाही ते मोल शहराने दिले.

आमच्या बोलण्याचा अर्थ इमारती बांधू नका, असा नाही. गोदाम हवे, चाळ हवी, छप्पर हवे. माल धरून ठेवायला जागा नसेल तर भावावर बोलायला बळ कुठून येणार? २०२० साली केंद्र सरकारने एक लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी जाहीर केला. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला तीन टक्के व्याजाची सूट. ती जरूर घ्या. पण सूट व्याजाला असते, हप्त्याला नसते आणि भावाला तर नसतेच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ पर्यंत. त्या काळात ज्यांच्याकडे नवी कांदाचाळ होती, त्यांनी तिच्याकडे बघून काय म्हटले असेल, ते नाशिककरांना विचारा.

म्हणून सहीआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, हप्ता किती वर्षांचा आणि गेल्या तितक्याच वर्षांत त्या मालाचा सगळ्यात पडता भाव कोणता? त्या भावात हप्ता निघतो का ते पाहा, सरासरीवर जाऊ नका. दुसरी, या मालाचे दिवस फिरले तर हीच इमारत दुसऱ्या कशाला वापरता येईल? एअरशायरच्या माणसांनी तेच केले. तिसरी, नकाशा कुणी काढला, आणि धंदा बुडाला तर त्याच्या खिशातले काय जाणार? काहीच जाणार नसेल, तर त्याचे ऐका, पण सही उद्या करा.

हा तिसरा प्रश्न दादांनी आम्हाला विचारायला हवा होता. त्यांनी विचारला नाही, कारण आमच्यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास आमच्या पगारात मोडत नव्हता आणि त्यांचे पाऊण एकर आमच्या वहीत कुठेच लिहिले गेले नाही.

पुढच्या मेळाव्याआधी एक काम करू. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने आपल्या गावातले रिकामे गोठे, रिकामी कुक्कुटघरे, बंद पडलेली हरितगृहे आणि कुलूप लागलेली गोदामे मोजून आणावीत. कुणी बांधले, कुठल्या साली, किती कर्ज, केव्हा रिकामे झाले आणि त्या वर्षी मालाला भाव काय होता, एवढे पाच रकाने. कुणाचे नाव घालू नका, कुणाची लाज काढायची नाही. मेकीने आपला जमाखर्च एकट्याने छापला. आपण जिल्ह्याचा मिळून छापू, आणि तो कागद घेऊन कर्ज देणाऱ्याच्या आणि नकाशा काढणाऱ्याच्या टेबलापुढे उभे राहू.

पहिली ओळ आम्ही लिहून आणली आहे. दहा गाईंचा गोठा, मजबूत, रिकामा. शिफारस आमची.